सहा तासांची बस

"आत झोपलीस की काय गं?" बाहेरून दारावर थाप पडली.

"आले, आले," ती म्हणाली. सकाळपासून चौथ्यांदा ती संडासात बसली होती. जोर करून करून कपाळावर घाम आला, पण थेंब उतरेना.

कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. हात असा चालायचा की सुपरवायझर नवख्या पोरींना तिच्या मशीनपाशी आणून उभं करायचा. फक्त तिचं आत जाणं लांबायचं. बारीक धार, तीही थांबत थांबत. पोरी तिला 'मुक्कामवाली' म्हणायच्या, आणि तीही हसून घ्यायची. धाकट्याच्या बाळंतपणात आठवडाभर लघवीची नळी होती, तेव्हापासूनचं हे दुखणं. बारा वर्षं झाली. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. उपाय एकच, पाणी न पिणं.

त्या दुपारी ती पोटातल्या कळेने मशीनवरच वाकडी झाली. शेजारच्या बाईने रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई होत्या, एवढंच नशीब.

"किती दिवस त्रास आहे?"

"दोन-चार दिवस."

डॉक्टरांनी तिच्या टम्म फुगलेल्या पोटावर हात ठेवला. "खरं सांगा."

"बारा वर्षं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

नेहमीची नळी जाईना. शेवटी लहान मुलांची, अगदी बारीक नळी आत गेली. पिशवी भरत गेली तसं तिला इतकं हलकं वाटलं, की रडूच फुटलं. मग त्या रडण्याचीही लाज वाटली.

दोन दिवसांनी भूल देऊन मूत्रमार्गाची आवळलेली जागा रुंद केली. "ती परत आवळते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून घरी आठवड्यातून दोनदा स्वतःच नळी घालायची. तरी आवळली तर शस्त्रक्रिया करू."

नर्सने तिच्या हातात आरसा दिला. दोन मुलं झाली, पण स्वतःला असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मला नाही जमायचं. हे कसलं बघणं!"

"दात दुखला तर तोंडात बघता ना? हात धुवा आणि बघा."

तिसऱ्या खेपेला नळी गेली. "झालं की!" नर्स म्हणाली. "तेव्हाच बोलला असता, तर कधीच मोकळ्या झाला असता."

नर्स सहज बोलून गेली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. दोन वर्षांपूर्वी दादा अंथरुणाला खिळला होता. त्याच्या गावाला सहा तासांची बस, मध्ये एकच थांबा, तिथे बायकांची ही रांग. सुट्टी मिळत नाही, असं तिने कळवलं होतं. दादा गेला तेव्हाही तेच कळवलं. वहिनी तेव्हापासून बोलत नव्हती.

महिन्याभराने ती त्या बसमध्ये बसली. वहिनी दारातच उभी राहिली.

"आता कोणाला भेटायला आलात, वन्सं?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. जसं सुचलं तसं, आडपडदा न ठेवता, तिने सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"गाडी थांबल्याचा आवाज आला, की हे विचारायचे, ती आली का. मी म्हणायचे, तिला कामापुढे कोणी नाही. तसंच समजून गेले ते."

"तुमची काय चूक? मीच सांगितलं नाही."

वहिनी उठली आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दादाच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. उशाशी एक खुर्ची होती.

ती खुर्चीत बसली. वहिनीने दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर थांबली.