एक केस ओढून बघायचा राहिला

ओले केस विंचरताना तुम्ही कंगवा कुठून लावता, मुळाशी की टोकाशी? मुळाशी लावत असाल तर जरा थांबा आणि माझं ऐका. मी रुंद दातांचा एक लाकडी कंगवा बोलतोय. बावीस दात घेऊन जन्मलो, आता एकवीस उरलेत. बाविसावा कसा गेला, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. करवतीने कापलं तेव्हा दुखलं, पण त्यानंतर एका म्हाताऱ्या कारागिराने माझा एकेक दात काचकागदाने घासला आणि अंगठा फिरवून बघितला. कुठे खडबडीत लागलं की पुन्हा घासायचा. तो म्हणायचा, "कंगवा टोचला की माणूस केसांवर राग काढतं." तेलाचा हात फिरला आणि मी एका पार्लरमध्ये येऊन पडलो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पार्लर म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. दोन खुर्च्या, मान टेकवायला खाच असलेलं एक बेसिन, आणि एक मोठा आरसा. इथे बायका एकमेकींशी न बोलता आरशाशी बोलतात. आणि खोटंही आरशालाच सांगतात. "मी केसांना काही म्हणजे काही लावत नाही हो," असं म्हणणाऱ्या किती डोक्यांतून मी फिरलोय. मला दोन इंचांत कळतं, काय काय लावलंय ते.

माझी मालकीण, जिला सगळी गिऱ्हाइकं ताई म्हणतात, तिचं एक व्रतच होतं म्हणा ना. रंग असो, केस सरळ करायचे असोत, औषधाला हात लावायच्या आधी ती गिऱ्हाइकाचा एक केस ओला करायची आणि दोन बोटांत धरून हळूच ओढून बघायची. चांगला केस थोडा लांबतो आणि जागेवर परत येतो. आतून खिळखिळा झालेला केस रबरासारखा ताणतच जातो, परत येत नाही. असा केस दिसला की ती हातमोजे काढून ठेवायची. "आज नाही. तीन महिन्यांनी या." काहीजणी फणकाऱ्याने उठून पलीकडच्या पार्लरमध्ये जायच्या. जाऊ दे म्हणायची ती.

वरच्या मजल्यावर तिचा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. दर शनिवारी संध्याकाळी पार्लर रिकामं झालं की वहिनी खाली यायची, खुर्चीत बसायची आणि मी तिच्या कमरेपर्यंतच्या केसांतून सावकाश फिरायचो. नणंद-भावजयीचं जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तो अर्धा तास ऐकायला हवा होता.

"वन्सं, तुमच्या हाताला गुण आहे बघा. आठवड्याचा शीण इथेच गळतो."

"शीणच कशाला, केसही गळतात तुझे. झाडून काढताना माझी कंबर जाते."

"मग भावाला बोलवा झाडायला. तेवढाच उपयोग."

यंदा वहिनीला दहा वर्षांनी नोकरी मिळाली. बँकेत, काउंटरवर. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी ती म्हणाली, "केस सरळ करून द्याल? जरा नीटनेटकं दिसावं." आणि बसता बसता सांगितलं, "दोन महिन्यांपूर्वी घरीच ते केस उजळ करायचं पाकीट लावलं होतं हं मी. दोनदा."

मालकीण औषध कालवत होती. हसली. "अगं चालतं. घरचंच डोकं आहे."

तिने केस ओढून बघितला नाही. परक्या बायकांचा बघायची ती. आपल्या माणसाचा बघायला तिला बहुधा संकोच वाटला, किंवा त्या संध्याकाळी घाई होती. मी ट्रेमध्ये पडून वाट बघत होतो की आता ती दोन बोटं पुढे येतील. आली नाहीत.

औषध धुतल्यावर तिने मला हातात घेतलं. उजव्या कानाच्या वर, थेट मुळाशी मी शिरलो आणि अडकलो. केस ओल्या पिठासारखे लागत होते. ते ताणले, आणखी ताणले. ती घाबरली आणि तिने मला जोरात खेचलं. माझा कडेचा दात मोडला, आणि माझ्यासोबत एक अख्खा झुबका बाहेर आला. कानाच्या वर दोन बोटं रुंद जागेत बोटभर खुंट तेवढे राहिले.

वहिनी आरशात बघत होती. मालकीण म्हणाली, "आज पाणी खारं आलंय. पाण्याचा दोष."

वहिनीने ओढणी डोक्यावरून घेतली आणि जिना चढून गेली. सोमवारी ती कानावरून केस ओढून, सहा पिना लावून नोकरीवर गेली.

मोडक्या दाताचा कंगवा पार्लरमध्ये वापरायचा नसतो, केस अडकतात. मला टाकून द्यायला हवं होतं. तिने मला खणात ठेवलं, आणि फक्त वहिनीकडे जाताना बाहेर काढायला लागली.

दर रविवारी आम्ही वर जायचो. माल घेऊन येणारा विक्रेता सांगायचा, "ताई, हे लावा, केस नवे होतात." आधी प्रोटीनचा मास्क आला. आठवड्यातून दोनदा. केस भरल्यासारखे वाटले, आणि तिसऱ्या आठवड्यात कुंच्यासारखे राठ झाले. मग चमक आणणारं तेल आलं. मग बॉण्ड रिपेअरची बाटली आली, केसाच्या आतले तुटलेले सांधे धरणारी. चांगली वस्तू होती ती, पण मालकिणीने तीही मास्कमध्ये कालवली आणि वरून तेल थापलं. गिऱ्हाइकाला असं करू दिलं नसतं तिने. मला वाटतं, हात रिकामे राहिले तर तोंड उघडावं लागेल, याची तिला धास्ती होती.

मग दोन रविवार दार किलकिलं करून वहिनी म्हणाली, "आज थकलेय हो." शनिवारची खुर्ची तर केव्हाची रिकामी होती. मालकीण ती खुर्ची उगाचच पुसत बसायची.

परवाच्या शनिवारी वहिनी आपण होऊन खाली आली. पिशवीतून तिन्ही बाटल्या काढून तिने आरशासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "कानापर्यंत कापून टाका. रोज सकाळी सहा पिना लावायचा कंटाळा आलाय. आणि यानंतर मी ऑफिसजवळच्या पार्लरमध्ये जाईन म्हणते. तुम्हालाही त्रास नको."

"थांब गं, एक नवीन सीरम आलंय..."

"वन्सं, तुम्ही रस्त्यावरून आलेल्या बाईचाही केस ओढून बघता. माझा अजून एकदाही बघितला नाहीत."

मालकिणीने बोटं ओली केली. टोकाचा केस धरला, ओढला. जराही न ताणता कट्कन तुटला. मधला ओढला, तो लांबत गेला आणि तसाच लोंबत राहिला. मुळाजवळचा ओढला. तो लांबला, आणि परत आला.

त्या तीन केसांनी मिळून सगळं सांगून टाकलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "पाणी खारं नव्हतं, वहिनी. त्या दिवशी मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर औषध लावलंच नसतं. माझी चूक आहे."

"माहीत आहे मला. एकाच टाकीचं पाणी येतं आपल्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुम्ही मास्कच आणत राहिलात."

मालकिणीला हसू आलं आणि डोळेही पुसावे लागले. मग तिने मास्क बाजूला सारला. "हा बंद. यानेच टोकं राठ झालीत. तेल नुसतं चमक देतं, हवं तर एखादा थेंब लाव. ही बॉण्डची एकच बाटली ठेव. आठवड्यातून एकदा, ओल्या केसांना, धुण्याआधी दहा मिनिटं. सोबत दुसरं काही कालवायचं नाही. गरम मशीन वर्षभर नको. आणि नीट ऐक, गेलेले केस ही परत आणणार नाही. मधले जे अजून धरून आहेत त्यांना जरा आधार देईल. कानाजवळचे वाढायला वर्ष जाईल. खालून वीतभर कापावं लागेल, कानापर्यंत नाही."

"हे पहिल्याच रविवारी सांगायचं होतं."

"हो."

"बघते," वहिनी म्हणाली. बॉण्डची बाटली तेवढी उचलली आणि वर गेली. ऑफिसजवळच्या पार्लरचं काय ठरलं, ते काही ती बोलली नाही.

मालकिणीने मला खणातून काढलं. नखं घासायच्या कानशीने माझ्या मोडक्या दाताचा खुंट घासला, अंगठा फिरवून बघितला, पुन्हा घासला. त्या म्हाताऱ्या कारागिराची आठवण झाली मला. आता मी कुणाच्या केसांत अडकत नाही.

माझं मागणं थोडंच आहे. केस खराब झाले तर हाताला लागेल ती बाटली उचलू नका, आधी एक केस ओला करून ओढून बघा. आणि घरच्या माणसाचा तर नक्की बघा.

बाकी, दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं तेव्हा वहिनी केस ओले करून, खांद्यावर टॉवेल टाकून खाली आली आणि खुर्चीत बसली, आणि मालकिणीने मला टोकाकडून लावलं.