कोंबड्याच्या चौथऱ्यावर सुशांत

लग्नाला होकार मिळावा म्हणून सुशांतने भावी सासऱ्यांना आयोवा दाखवायला नेलं, यावरूनच त्याचे अंदाज कसे असतात ते कळावं.

मूळ नागपूरचा, आता अमेरिकेत नेपरव्हिलला एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा हा मुलगा एरवी शहाणा होता. पण रस्त्याकडेला उभ्या केलेल्या अवाढव्य वस्तूंचं त्याला वेड. कुठल्या गावात खोलीएवढी स्ट्रॉबेरी आहे, कुठे तीन मजली खुर्ची आहे, सगळं फोनच्या नकाशात टाचून ठेवलेलं. ज्या कादंबरीशी त्याला लग्न करायचं होतं तिचे बाबा, शशिकांतकाका परब, वेंगुर्ल्याहून आले होते आणि येत्या गुरुवारी परत जाणार होते. इतके दिवस राहूनही ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तेव्हा सुशांत कादंबरीला म्हणाला, "रोड ट्रिप करू यार. माणूस गाडीत मोकळा होतो."

काका गाडीत मोकळे झाले नाहीत. मागच्या सीटवर बसून त्यांनी मका पाहिला. आयोवात मका पुष्कळ आहे.

स्ट्रॉबेरीपाशी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "ही खायची नाही?"

"नाही काका, फायबरची आहे."

"मग?"

"मग... फोटो काढायचा."

काकांनी व्हिसासाठी करतात तसा चेहरा करून फोटो काढून घेतला.

तीन मजली खुर्चीखाली ते जरा रमले. "बसता येत नाही अशी खुर्ची आमच्या झेडपीतही होती एक. कोर्टात गेलेली."

चमत्कार तिसऱ्या ठिकाणी झाला. तिथे एक निळा मासा होता, बसएवढा. काका माशाकडे बघत बसतील असं सुशांतला वाटलं होतं, पण ते मागे वळून गावाकडे बघत होते.

"हा गावाच्या बाहेर का?"

"असाच ठेवतात काका. गावात शिरता शिरता दिसला पाहिजे."

"स्ट्रॉबेरी?"

"ती पण वेशीवरच होती."

"खुर्ची?"

"ती पण."

काकांनी डोक्यावरची कॅप काढली. "अरे मेल्या, मग आधी सांगायचं नाही? हे राखणदार आहेत!"

कोकणात प्रत्येक गावाच्या शिवेवर राखणदार असतो. तो गाव राखतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, आणि त्याबद्दल वर्षातून एकदा कोंबडा घेतो. "एवढी थोरली मूर्ती," काका म्हणाले, "गावाच्या तोंडावर, उपयोग काडीचा नाही, आणि लोक गाड्या थांबवून पाया पडायला येतात. दुसरं काय असणार?"

पाया पडत नाहीत, सेल्फी काढतात, असं सुशांत सांगणार होता. पण इतकी वर्षं अमेरिकेत राहून या वस्तूंचं इतकं पटणारं कारण त्याला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

आणि मग काका खरंच मोकळे झाले. परबांच्या घरात मोठा निर्णय कौल लावल्याशिवाय होत नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "इथे विचारू कुणाला? तुमच्या देवळात पार्किंग मिळत नाही, तिथे देव कौल कधी देणार! म्हणून थांबलो होतो. पुढचा राखणदार कोणता?"

"साउथ डकोटात एक कोंबडा आहे. चार मजली."

काकांनी कॅप पुन्हा डोक्यावर घातली. "राखणदाराला कोंबडा देतात. इथे कोंबडाच राखणदार. कडक असणार. तो सांगेल ते फायनल."

"बाबा, माझं लग्न तुम्ही एका कोंबड्यावर सोडताय?"

"तुझ्या आत्याचं पंचांगावर सोडलं होतं. काय झालं?"

आत्याचं जे झालं ते आठवून कादंबरीने गाडीचं दार उघडलं. पेट्रोल भरताना मात्र तिने सुशांतला बाजूला घेतलं. "हे बघ, डावी पडली तर मी पळून-बिळून येणार नाही हं. मला बाबा मांडवात हवेत, हसताना हवेत."

"म्हणजे सगळं कोंबड्यावर आहे."

"तूच आणलंस ना इकडे?"

संध्याकाळी ते पोचले, तर चौथरा रिकामा. शेजारी पाटी: कोंबडा रंगवायला नेला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. चारही बाजूंना सूर्यफुलं डोलत होती.

काकांनी पाटी दोनदा वाचली. "देव जागेवर नाही. म्हणजे कौल नाही. म्हणजे लग्न ठरलं नाही."

"काका," सुशांत म्हणाला, "मी उभा राहतो."

हे आपण का बोललो ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. कादंबरीने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र शांतपणे विचार केला. "आमच्याकडे माणसाच्या अंगात अवसर येतो, तो देवाच्या वतीनेच बोलतो. पद्धतीला धरून आहे. चपला काढ."

सुशांत चौथऱ्यावर चढला. "काका, हात कमरेवर ठेवू की काय करू?"

"देव विचारत नाही. गप उभा राहा."

काकांनी सूर्यफुलाच्या दोन पाकळ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवून त्याच्या दोन गालांवर लावल्या. एवढ्यात नेब्रास्काचं एक रिटायर्ड जोडपं कोंबडा बघायला आलं. कादंबरीने त्यांना सगळं समजावलं. "अच्छा, ज्यूरी ड्यूटीसारखं," बाई म्हणाल्या, आणि दोघं फोल्डिंगच्या खुर्च्या उघडून बसली.

काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. देवाला गाऱ्हाणं मालवणीतच घालायचं असतं; चेडू म्हणजे मुलगी आणि झील म्हणजे मुलगा, एवढं सुशांतला आतापर्यंत कळत होतं.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या शिमेवर आज वेंगुर्ल्याचो परब उभो रवलो हा, तेका ओळखून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," कादंबरी म्हणाली. दुसऱ्या ओळीला नेब्रास्काही म्हणू लागलं.

"माझ्या चेडवाक ह्या नागपूरच्या झिलाक देवचा काय, ता सांग रे म्हाराजा! झील बरो आसा, पण माशे खाणा नाय. तेचा काय ता तूच बघ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलेनात. सुशांतने सकाळपासून चेहऱ्याला सनस्क्रीन थापलं होतं, त्यावर त्या पोस्टाच्या तिकिटासारख्या बसल्या होत्या. उजवा गाल जरासा उडवला तर काम होतं. पण देवाच्या जागी उभं राहून स्वतःचंच काम करून घ्यायचं, हे त्याला पटेना. तेच करायचं तर तो निवडणुकीला उभा राहिला असता.

"काका, काहीच होऊन नाही राहिलं."

"तू बोलू नको. विचार करतोय तो."

तेवढ्यात मोठा ट्रक आला. त्यावर ताजा लाल तुरा घेऊन कोंबडा आडवा पडलेला, मागे क्रेन. क्रेनवाल्याने हॉर्न दिला. काकांनी त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं. नेब्रास्काच्या बाईंनी जाऊन त्याला परिस्थिती सांगितली. त्याने इंजिन बंद करून टोपी काढली.

वारा पडला. डाव्या पाकळीचं टोक मात्र सुटल्यासारखं झालं.

कादंबरीने ते पाहिलं. तिने सँडल काढल्या, चौथऱ्यावर चढली आणि सुशांतच्या शेजारी उभी राहिली.

"कादू, खाली ये."

"मी पण देवाच्या जागेवर उभी आहे, बाबा. सुशांतला बोलता येत नाही, गप उभं राहणं हेच त्याचं काम आहे. माझं तसं काही नाही." तिने सुशांतच्या उजव्या गालावरची पाकळी नखाने सोडवली आणि वडिलांच्या हातावर ठेवली. "हा माझा कौल. हो. आता तुम्ही काय ते बोला."

"हाताने काढलेला कौल चालत नाही."

"भक्ताने काढलेला चालत नाही. देवीने दिलेला नाही चालत असं कुठे आहे?"

काकांनी आठवून पाहिलं. असं कुठेच नव्हतं. चौथऱ्यावरच्या दोघांकडे ते बघत राहिले, एकाच्या गालावर पाकळी, दोघंही अनवाणी, दोघंही घाबरलेले. मग त्यांनी पाकळी कपाळाला लावली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. वेंगुर्ला सोडल्यापासून पहिल्यांदाच ते हसले.

"जोडीचा देवस्थान आसा, माका खबर नव्हती," ते म्हणाले. "उतरा आता. खरो देव थय ट्रकात आडवो पडलो हा."