क्लबच्या पायरीवरचा पहारा

आमच्या निंबसरच्या नगरपालिकेची इमारत म्हणजे मूळचा फौजी क्लब. लढाईवरनं परतलेल्यांनी बांधलेला, त्यामुळं भिंती एवढ्या कडक की पालीसुद्धा तिथं सावधानमध्येच चिकटायच्या. आम्ही म्हातारे आत पत्ते कुटायचो आणि पाळीपाळीनं पायरीवर पहारा द्यायचो. शत्रू कोण, ते विचारू नका. पहारा असला की शत्रू आपोआप येतो.

तो पंच्याण्णव साली आला. गावाला नगरपालिका मिळाली, कचेरीला जागा मिळेना, तेव्हा क्लब गेला. सांगलीहून मुख्याधिकारी आले, सम्मेद चौगुले. माणूस भला, पण शिस्तीचा. टेबलं आत आली, आमचे पत्ते बाहेर गेले. राहिली ओसरी आणि तिची पायरी. तीही गेली असती, तर आम्हाला गावात हक्कानं टेकायला जागा उरली नसती. म्हणून सुभेदार मानसिंग काठी घेऊन पायरीवर उभे राहिले.

"अहो सुभेदार, आता घरी जा," साहेब म्हणाले.

"जातो की. बदली द्या. बदलीबिगर पहारेकरी जागा सोडत न्हाई."

साहेबांनी शिपाई धाडला. मानसिंगनी त्याची चाल बघूनच परत पिटाळला. "ह्यो पहारा घ्याला आलाय का म्हशी हाकायला?" मग नगरसेवक धाडला. त्यानं पायरीवर चढताच सवयीनं हात जोडले; काठी धरायला हात उरला नाही.

साहेब तापले. "मीच घेतो बदली!"

अर्धा गाव जमला. मानसिंगनी साहेबांकडून अंगणात कवायत करून घेतली. साहेबांनी टाच अशी हाणली की तिकडं म्हसवडच्या जत्रेत फुगे फुटले. मग खणखणीत शपथ घेतली, "बदली येईपर्यंत जागा सोडणार नाही!" मानसिंगनी काठी दिली, सलाम ठोकला आणि समोरच्या पारावर येऊन पत्ते पिसले.

साहेब आत निघाले.

"कुटं?"

"कामाला!"

"जागा सोडून? साहेब, पहारा टाकलेल्याची आमच्या गावात न्हावी दाढी करत न्हाई."

गावात घरटी एक फौजी. कुणी हसलं नाही, नुसते बघत राहिले. साहेब मुकाट पायरीवर परतले.

दिवस कलला तशा साहेबांच्या मंडळी, ब्राह्मीवहिनी, डबा घेऊन आल्या. घर जैनांचं, दिवस मावळल्यावर घास नाही.

"अहो, जेवताय का उपास धरताय?"

"पहाऱ्यावर खात नाहीत म्हणे."

"मग बदली मागा की! एवढे पहारेकरी पारावर बसलेत ते काय शोभेला?"

साहेबांनी डोंगराकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "सुभेदार, घ्या बदली."

"कशी घिऊ? क्लबच न्हाई, तर पहारेकरी कुटला?"

"ही ओसरी क्लबची! कायमची! ठराव उद्या करतो!"

"ठराव सावकाश करा. आमाला जबानी हुकूम बास," म्हणत मानसिंगनी काठी घेतली.

साहेब ओसरीवरच जेवले. शेवटचा घास गिळेपर्यंत सूर्य डोंगराला टेकून थांबला होता. मी या डोळ्यांनी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीला आले, तर पायरीवरनं आवाज आला, "थांब! कोन जातंय?"

साहेबांनी निमूट नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. मानसिंगनी वर डब्यात भाजी कसली आणलीय तेही विचारलं. ते मात्र पहाऱ्याच्या नियमात नव्हतं.