दाखवायचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. पाळणा म्हणजे, होतो एकेकाळी. आता जेवढा उरलोय तेवढा बोलतोय. माझं बोलणं थोडं आंबट लागलं तर रागावू नका. पाठच्या भावाची कूस सदा भरलेली आणि आपली कायम रिकामी, असं ज्याच्या नशिबी आलं त्याला गोड बोलणं जमत नाही.

थेम्स नदीच्या काठच्या राजवाड्यात, मागच्या अंगाला सुतारशाळा होती. तिथे माझा जन्म झाला. मला घडवलं अँब्रोज सुतारानं. हा माणूस लाकडाशी जेवढा बोलायचा तेवढा बायकोशीही बोलत नसे, असं त्याची बायकोच सांगायची.

राणीसाहेब तेव्हा नुकत्याच गादीवर आल्या होत्या. ऐन तारुण्य, देखणं रूप, आणि लग्न व्हायचं होतं. साऱ्या राज्याचा जीव त्या एका लग्नावर टांगलेला. राणीला मूल झालं नाही तर पुढे गादी कुणाची? आज्या-पणज्यांच्या काळात गादीपायी भावानं भावाचा गळा कापलेला लोक विसरले नव्हते. म्हणून जो तो विचारायचा, लग्न कधी? आणि राजवाड्याच्या कोठाराचे प्रमुख मास्टर क्रिस्पिन वेल यांना तर एवढाही धीर नव्हता. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं झालं. नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि त्यांनी पाळणे करायला टाकले.

पाळणे, एक नव्हे. राजघराण्यातल्या बाळाला दोन लागतात, तशी रीतच आहे. एक दाखवायचा, एक निजवायचा. दाखवायचा तो मी. लाल मखमल, चांदीच्या मुठी, उशाच्या फळीवर सोनेरी पत्र्याचा मुकुट. परदेशचे वकील येणार, बाळाला माझ्यात ठेवणार, सगळे वाकून मुजरा करणार आणि मग बाळ उचलून आतल्या खोलीत नेणार. तिथे असायचा निजवायचा पाळणा. गुडघ्याएवढा, साधा, ना मखमल ना मुकुट. आम्ही दोघं एकाच ओकच्या झाडाचे. गाभ्याचं लाकूड मला आलं आणि उरल्यासुरल्या फळ्यांतून तो झाला. सुतारशाळेत शेजारी शेजारी उभे असताना मी त्याच्याकडे बघतही नसे.

बाळाआधी आणखी एक तयारी झाली. राजबाळाचा पाळणा हलवणारी, हा आमच्याकडे मानाचा हुद्दा. त्यासाठी रीतसर शपथ घ्यावी लागते. मास्टर क्रिस्पिननी अँब्रोजची बायको थॉमसिन हिला निवडलं. दंडानं मजबूत, गळ्यानं गोड. तिनं सणाचे कपडे घालून शपथ घेतली की राजबाळाला मी माझ्या हातांनी निजवीन. गल्लीतल्या बायका जळून खाक झाल्या. मलाही ती आवडली. हे हात माझे, असं मी धरूनच चाललो.

काही मुलखांत रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. आमच्या मुलखात नेमकं उलटं. रिकामा पाळणा हलवला की घरात बाळ येतं, ही आमची जुनी समजूत. म्हणून उत्तरेकडच्या एका राजाची मागणी आली, त्याचे वकील घोडे आणि केसाळ कातडी घेऊन दरबारात उतरले, तेव्हा मास्टर क्रिस्पिननी माझ्यावरची चादर काढली आणि थॉमसिनला बोलावलं.

"हलव," ते म्हणाले. "मनात राणीसाहेबांचं नाव घे आणि हलव."

तिनं हलवलं. आहाहा. पहिल्यांदाच कुणी मला हलवत होतं. वकील मंडळी जेवली, प्याली, नाचली आणि घोडे ठेवून परत गेली. लग्न मोडलं. हिवाळा सरता सरता बाळ मात्र आलं. थॉमसिनला.

त्यांच्या घरचा पाळणा कधीच मोडला होता. अँब्रोज टोपी हातात धरून मास्टरांसमोर उभा राहिला. "नवा पाळणा माणसाच्या उबेत मुरावा लागतो, मास्टर. नाहीतर ऐन वेळी कुरकुरेल आणि राजबाळ दचकेल. धाकटा थोडे दिवस वापरून देतो."

"आणि थोरला?" मास्टरांनी विचारलं.

"थोरल्यात कोण निजणार आहे? तो नुसता दाखवायचा."

हे वाक्य मी जन्मभर विसरलो नाही. धाकटा गेला वर, अँब्रोजच्या बिऱ्हाडी. कोठाराच्या छपराखाली मी आणि त्या छपरावर त्यांची जमीन. दिवसभर माझ्या डोक्यावर आवाज. खट् खट्, खट् खट्. मग थॉमसिनचं गाणं. मग बाळाचं हसणं. मला मखमलीत उंदरांचा उपद्रव, आणि त्याला गाणं.

पुढे एका मोठ्या घराण्यातल्या राजपुत्राची बोलणी सुरू झाली. तो म्हणाला, धर्म माझाच राहील. दरबार म्हणाला, मग राणी आमचीच राहील. पण बोलणी चालली होती तोवर थॉमसिननं मला पुन्हा हलवलं होतंच. आणि पुन्हा तेच झालं. लोटांगण राणीसाहेबांचं, प्रसाद थॉमसिनला.

मास्टर क्रिस्पिन भडकले. "अगं, हलवताना नाव कुणाचं घेतेस?"

"राणीसाहेबांचंच, मास्टर. शपथेवर सांगते. पण मूल नाव बघून येत नसावं. हात बघून येतं."

"मग ह्या खेपेस मी हलवतो. बघू तुझ्याकडे कसं जातं ते."

"हलवा. पण जपून हो. तुम्ही एकटे, घरात बाईमाणूस नाही. आलंच काही तर लोकांना काय सांगाल?"

अँब्रोज तोंडात खिळे धरून होता म्हणून वाचला, नाहीतर मोठ्यानं हसला असता. तेव्हा बोलणी चालली होती ती इथल्याच एका सरदाराची. राणीसाहेबांचा त्याच्यावर जीव होता म्हणे. त्याबरोबर बाकीचे सरदार पेटले. आमच्यातलाच उठून आमच्या डोक्यावर बसणार? परका परवडला, पण शेजारचा नको. ते लग्नही तिथेच बारगळलं. त्यांचं दुखणं मला नेमकं कळत होतं. मीही परक्या पाळण्यावर कधी जळलो नाही. जळलो तो माझ्याच झाडातून निघालेल्या धाकट्यावर.

राणीसाहेबांच्या पश्चात गादी कुणाची, हा प्रश्न तोंडानं विचारायलाही बंदी होती. विचारणाऱ्याची मान जायची. म्हणून लोक कोठाराच्या दारात येऊन मास्टरांना विचारायचे, "काय, पाळण्याची तब्येत कशी आहे?" मास्टर म्हणायचे, "सुधारतेय." किंवा, "जरा सर्दी झालीय." एवढ्यावरून लोक समजून जात. साऱ्या राज्यात माझ्या तब्येतीची चौकशी व्हायची आणि मला हात लावायला कुणी येत नसे. वर खट् खट् चालूच.

एकदा धाकटा दुरुस्तीला खाली आला. त्याची कड एका बाळानं दात येताना चावून चावून काढली होती. अंगाला दुधाचा आणि मुताचा वास. शी, म्हणालो मी. त्यानं मनावर घेतलं नाही. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला बोलावं लागत नाही. त्या दातांच्या खुणांकडे मी तो परत वर जाईपर्यंत बघत राहिलो. माझ्या चांदीच्या चारही मुठी त्यांच्यापुढे फुकट होत्या.

मग एका कडक हिवाळ्यात ताप आला आणि वरचा आवाज थांबला. त्या वेळी पाळण्यात होता तो थॉमसिनचा तेव्हाचा सगळ्यांत लहान मुलगा. अँब्रोजनं खाली येऊन छोटी पेटी केली. एकही शब्द न बोलता, लाकडाशीसुद्धा नाही. मला नेहमी वाटायचं, तो आवाज एकदा बंद झाला की मला बरं वाटेल. वाटलं नाही. छपराकडे कान लावून मी वाट बघत राहिलो. आणि कितीतरी दिवसांनी, मोठी लेक मागून झालेल्या भावंडाला निजवायला लागली आणि खट् खट् सुरू झालं, तसा मी पुन्हा जळायला लागलो. सवय म्हणा.

वर्षं गेली. राणीसाहेबांची चित्रं अजून तरुणच निघत होती. अशात फ्रान्सकडचा एक ड्यूक मागणी घालून स्वतःच येऊन दाखल झाला. वयानं खूप लहान, तोंडावर देवीचे वण, पण बोलण्यात साखर. ह्या खेपेस नक्की, असं सगळे म्हणायला लागले. मास्टर क्रिस्पिनना तर दम निघेना. त्यांनी अँब्रोजकडून माझ्या उशाच्या फळीवर, मुकुटाशेजारी, त्या ड्यूकच्या घराण्याचं कमळासारखं फूल कोरून घेतलं. मग थॉमसिनला निरोप गेला.

ती आली. केस पिकायला लागले होते.

"आता तूच हलव," मास्टर म्हणाले. "आता तुझ्याकडे जायला वाट उरलेली नाही."

थॉमसिननं माझ्या मुठीवर हात ठेवला, पण हलवलं नाही. "मास्टर, एक बोलू? राणीसाहेब आणि मी एकाच वर्षीच्या."

मास्टरांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची दया आली. जे साऱ्या दरबाराला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ते सुताराच्या बायकोनं पाळण्यापाशी उभं राहून बोलून टाकलं होतं.

"तरी हलव," ते हळूच म्हणाले.

तिनं हलवलं. जीव लावून हलवलं. तिलाही एकदा तरी ती शपथ पुरी करायची होती. आणि बाळ आलं, खोटं कशाला बोलू. थॉमसिनच्या लेकीला.

ड्यूक गेला तो गेलाच. परका नवरा नको म्हणून शहरात लोक खवळले होते, दरबारात भांडणं लागली होती. आता माझ्यावरचं ते फूल कुणी पाहिलं असतं, तर परक्याच्या पोराला गादी द्यायला निघाले म्हणून मास्टरांची मान गेली असती. अँब्रोजनं दार लावून रंधा घेतला आणि फूल तासून काढलं. फळीवर तेवढी जागा खोलगट, गुळगुळीत राहिली. मास्टरांनी स्वतः चादर घातली. त्यानंतर माझ्या तब्येतीची चौकशी करायला कुणी आलं नाही, आणि पुढे मास्टरही राहिले नाहीत.

राणीसाहेब म्हाताऱ्या होऊन वारल्या. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. आता रक्त वाहणार, असंच जो तो धरून चालला होता. पण उत्तरेकडून त्यांच्याच नात्यातला एक राजा शांतपणे येऊन गादीवर बसला, आणि येताना बायको आणि चालतीबोलती पोरं घेऊनच आला. लोकांनी चौकाचौकात आनंदानं होळ्या पेटवल्या. ज्या प्रश्नापायी मला जन्माला घातलं, तो प्रश्न माझ्यावाचून सुटला.

नव्या राजाची माणसं कोठार बघायला आली. एकानं चादर उचलली. "ह्यात कोण वाढलं?"

"कुणी नाही," अँब्रोज म्हणाला. आता तोही वाकला होता.

"मग हा अपशकुनी. नवा करू." त्यांनी मखमल फाडली, मुठी काढल्या, मुकुटाचा पत्रा उपटून नेला. उरलेलं लाकूड रीतीप्रमाणे सुताराचं. अँब्रोजनं मला वर नेलं. जन्मात पहिल्यांदा मी ते छप्पर ओलांडलं.

वर चुलीपाशी धाकटा बसला होता. म्हातारा, काळवंडलेला, तळ कुजून पडलेला. इतक्या पोरांनी भिजवल्यावर कुठलं लाकूड टिकणार? आणि घरात थॉमसिनची नात आजउद्या बाळंत व्हायची होती. अँब्रोजनं माझ्या फळ्या एकेक करून हातात घेतल्या आणि उशाची फळी बाजूला ठेवली.

"राणीचा पाळणा कापता?" थॉमसिन म्हणाली.

"एकाच झाडाचं आहे. जुळेल."

बाकीचा मी चुलीत गेलो. तक्रार नाही, थंडी होती. उरलो ती एवढीच फळी, धाकट्याचा तळ होऊन. तासलेली जागा अँब्रोजनं मुद्दाम वर ठेवली. त्याच्या मते बाळाच्या डोक्याला तेवढीच मऊ.

मुलगी झाली. थॉमसिननं तिला गवताच्या गादीवर ठेवलं, ती शेजारी बसली आणि हलवायला लागली. खट् खट्. हा आवाज मी आयुष्यभर खालून ऐकला होता. गाणं अर्ध्यावर थांबवून तिनं गादीखाली हात घातला आणि ती खोलगट जागा चाचपली. "मास्टर क्रिस्पिन असते तर," ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणाले असते, बघ, शेवटी आलंच ना." मग तिनं डोळे पुसले आणि गाणं पुढे सुरू केलं.

आता शेजारणी बाळ बघायला येतात. पाळण्यावरून हात फिरवतात, चावलेली कड बघून हसतात, म्हणतात, काय गुणी पाळणा हो, किती पोरं वाढवली ह्यानं. धाकटा गप्प. तो असाच, कौतुक चुपचाप गिळतो. तळाला कुणी वाकून बघत नाही. तुम्ही कधी आलात तर तेवढं बघा. बाळाला न उठवता गादीखाली हात घाला आणि मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणा, की ही फळी नसती तर सगळं खाली पडलं असतं.

पहाटे ती चिमुरडी मला भिजवते. मग कुशीवर वळते आणि तिच्या अंगाची ऊब हळूहळू खाली उतरते. धाकटा म्हणतो, ती ऊब आधी त्याच्या कडांना लागते. मी म्हणतो, मला. ह्यावर आमचं अजून मिटलेलं नाही, आणि मिटू नये असं मला वाटतं.