आभाराची एक ओळ

दीक्षाभूमीच्या पिंपळाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माह्या जिभेले सावजीचा रस्सा फिक्का लागो. नागपूरच्या बाईले याच्याहून मोठा शाप नाई.

आधी आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहत होतो, आमचे हे पॉवर हाउसात कामाले होते तवा. तिथं राख एवढी, की अंगणात कावळा बसला तर उडताना बगळा होऊन उडे. माही नात उन्नती तिथंच वाढली. आता आम्ही नागपूरच्या बेसा भागात फ्लॅटमधी राहतो, अन् ती खिडकीपाशी बसून कम्प्युटरचं काम करते.

काम काय, तर कम्प्युटरच्या पोटात जुने-जुने हुकूम असतात. फाइलची कॉपी कर, नावं दाखव, ओळी क्रमानं लाव. आपल्याले दिसत नाईत, पण त्यांच्याबिगर तिथं पान हलत नाई. जगभरचे पोट्टे मिळून तेच हुकूम रस्ट नावाच्या नव्या भाषेत लिहून राहिले. उन्नतीकडं ओळी क्रमानं लावायचा हुकूम होता. कॉलेज सुटल्यापासून ती त्याच्याच मागं. ताटातली भजीबी लहान-मोठी पाहून रांगेत लावे अन् मंगच खाये.

पण त्यात एक गोम होती. जुना हुकूम परदेशातल्या एका म्हाताऱ्यानं लिहिलेला. त्यानं तो साऱ्याले खुला दिला: घ्या, बदला, वाटा, पण त्यातून जे बनवाल तेबी असंच खुलं ठेवा. नव्यावाल्याइचं लायसन्स ढिलं: घ्या, अन् कुलूप लावून विका, तरी चालते. म्हणून जुन्यातलं काही नव्यात येऊ नये, असा त्याइचा नियम. ज्यानं जुना कोड वाचला, त्यानं नवा लिहायचाच नाई.

मले उन्नतीनं समजावलं होतं. "आजी, सावजीकडं जाऊन रस्सा खा, चव ओळख, घरी तसाच कर. चालते. पण त्याच्या भटारखान्यात डोकावली, की बाद."

"मंग तू डोकावली काय वं?" मी हसत विचारलं. तिनं तोंड कम्प्युटरकडं वळवलं.

काम पुरं झालं. आमच्या घरी रीत आहे. बुद्धवंदना झाली, की ज्याच्यापासून शिकलो त्याचं नाव घ्यायचं, मंगच ताटाले हात लावायचा. उन्नतीनं फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. त्या म्हाताऱ्याचं नाव, अन् पुढं, 'यांच्यापासून शिकली.'

काम तपासणारा सौरव म्हणजे आपल्याच लकडगंजचा पोट्टा. त्याचा फोन आला. मी शेंगा सोलत बसली होती, सारं ऐकलं.

"उन्नती, हे आभार कशाचे? तू त्याचा कोड वाचला काय?"

"कॉलेजात. तोच वाचून तर शिकली मी."

"अन् नियम?"

"मले वाटलं, समोर ठेवून लिहिलं नाई म्हणजे झालं. एक ओळ नाई उचलली, सौरव."

"अवं, पण ते मी बाकीच्याइले दाखवू कसं?" पोट्टा रडकुंडीले आला. "ती ओळ लिहिली काहून तू? नसती लिहिली तर कोणाले समजलं असतं?"

"मले समजलं असतं ना गा."

दुसऱ्याच दिवशी तिचं सारं काम काढून टाकलं. ज्यानं जुनं कधी पाहिलं नाई असा कोणीतरी पहिल्यापासून लिहीन म्हणे, अन् उन्नतीनं त्याले हात लावायचा नाई. कोणी शिवी दिली नाई. सारे गोडच बोलले. भांडले असते तर मीबी दोन ऐकवल्या असत्या.

आता एकच वाट होती. त्या म्हाताऱ्यानं स्वतः म्हणावं, की माह्यातलं काही हिच्यात असन तरी माही हरकत नाई. उन्नतीनं त्याले मेल धाडला.

अन् त्याचा व्हिडिओ फोन आला! पांढरी दाढी, हे एवढी, कॅमेऱ्यातच मावेना. मी त्याले वडाभात दाखवला. तो म्हणे, "आजी, फोडणीचा वास इथवर येऊन राहिला." मंग उन्नतीले म्हणे, "बेटी, तू माहं नाव घेतलं. इतक्या वर्षात कोणी घेतलं नाई. जा, सारं तुह्यं."

हे मी बिल्डिंगमधल्या पुष्पलताले सांगत होती. उन्नती मागं येऊन उभी राहिली, मले दिसलीच नाई. मले वाटलं, आता चिडन. ती खाली बसली, माह्या गुडघ्याले टेकली, अन् बारीक आवाजात म्हणाली,

"अजून काय म्हणाला वं आजी तो?"

साठ वर्षं झाली गप्पा मारून राहिली मी, कधी अडली नाई. तवा अडली.

फोन आलाच नाई. तिचा मेल जायच्या आधीच तो म्हातारा वारला होता. त्याच्या मागं हो म्हणणारं कोणी नाई.

कावळ्याचं मात्र खरं आहे.