फोडलेली ढोली

वाटेवर आडवी आलेली वेल वाटाडीने एका घावात तोडली. एरवी ती अशी वेल हाताने वर धरायची आणि माणसांना खालून जाऊ द्यायची. आज कोयता थांबत नव्हता.

मागून बारा विद्यार्थी येत होते, समुद्र ओलांडून हे जंगल बघायला आलेले. शेवटी त्यांचे सर. गेल्या वर्षीही तेच आले होते. "धनेशाची ढोली दाखवा ना ताई, कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही," अशी गळ घातली होती. तिने दाखवली. आत मादीने स्वतःला चिखलाने लिंपून घेतलेलं आणि नर बाहेरून फटीतून फळं भरवतोय, हे बघताना सरांचे डोळे पाणावले होते. आठवड्याने त्यांनी तो फोटो इंटरनेटवर टाकला, जागेच्या नेमक्या खुणेसकट. पंधरवड्यात कुणीतरी येऊन मादी नेली, पिल्लंही नेली.

"तोंड आवर हं आज," निघताना नवऱ्याने बजावलं होतं.

झाडापाशी पोचल्यावर ती बाजूला झाली. ढोलीचं तोंड कुऱ्हाडीने हातभर फोडलेलं होतं.

"अरेरे," सर म्हणाले. "एखाद्या जनावराने उकरलेलं दिसतंय. निसर्गात हे चालायचंच, मुलांनो."

वाटाडीची कानशिलं तापली.

"कुऱ्हाड धरणारं जनावर कुठलं हो, सर?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"म्हणजे?"

"म्हणजे पत्ता तुम्ही दिलात. चोरांना शोधावंसुद्धा लागलं नाही. नर आठ दिवस चोचीत फळ घेऊन इथे येत होता. रोज बघत होते मी."

"ताई, मुलांसमोर तरी—"

"मुलांसमोरच! उद्या ह्यांच्यातलंच कुणीतरी सर होऊन येणार आहे."

सरांचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षातच आलं नाही हो," ते पुटपुटले. खरंच वाईट वाटलं असावं त्यांना. जरा वेळाने मात्र चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "मग यंदा? दुसरीकडे कुठे केलंय का घरटं?"

कोयत्यावरची तिची मूठ पांढरी पडली.

"नाही."

तेवढ्यात डोक्यावरून फडाफडा जड आवाज गेला.

"काय होतं ते?" सरांनी मान वर केली.

"वारा."

एक पानही हलत नव्हतं. पण रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीने पाहिलं होतं. चोचीत फळ धरून धनेश ओढ्यापलीकडच्या उंच झाडाला जाऊन बिलगला होता. तिचा हात कॅमेऱ्यावर गेला. मग तिची नजर वाटाडीशी भिडली. वाटाडीला विनवायची सवय नव्हती.

मुलीने कॅमेरा सोडून दिला, ओढ्याकडे पाठ केली आणि खाली वाकून ओरडली, "सर, लवकर या! केवढा मुंगळा!"

सगळे तिच्याभोवती जमले. मुंगळा अगदी साधा होता. तिने तो सगळ्यांना बराच वेळ दाखवला.