थोरलीचा जामीन

त्या दिवशी हैबतरावांच्या ओटीवर सगळी भावकी टीव्हीम्होरं बसली हुती. दिल्लीत पार्लमेंटात जामिनाच्या कायद्यावर वाद चालला हुता. मारहान करनाऱ्याला, कोयता चालवनाऱ्याला सहजासहजी जामीन मिळू नये, असं एका बाजूचं म्हननं. दुसरी बाजू म्हनत हुती, आदी खटले तरी लवकर चालवा. हैबतराव माजे चुलत दीर. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बराबर हाय. असल्यांना सोडूच नये. आत सडवावं."

"व्हय काका, कायदा कडकच पायजे," त्यांच्या शेजारी बसलेला ऋषिकेश म्हनला, आन् पोह्यांवर लिंबू पिळलं.

ऋषिकेश म्हंजी माज्या धाकट्या जावेचा, फुलाबाईचा ल्योक. दोन महिन्यांमागं त्यानं बायकोच्या, पिंकीच्या डोक्यात कोयता हानला हुता. अकरा टाके पडले, वर मनगट मोडलं. तो जामिनावर सुटून पोहे खात हुता, आन् त्याला जामीन कोन, तर मी, गोजराबाई. ओटीवर कुनाला ह्यात काई वावगं दिसलं न्हाई.

भावकीचं म्हननं असं, की कोयता उलट्या बाजूनं हानला, म्हंजी मारायचा इरादा न्हवता. म्या म्हनलं, आना कोयता, तुमच्या डोक्यात घालते उलट्या बाजूनं, मग इराद्याचं बगू. कुनी डोकं पुडं केलं न्हाई.

मग तू जामीन राहिलीस कशाला, असं तुमी म्हनाल. अवो, फुलाबाई चार दिवस माज्या दारात रडत हुती. एकुलता एक ल्योक. आन् जामीन राहायला सातबारा स्वच्छ लागतो. आख्ख्या भावकीत तसा हाय कुनाचा? हैबतरावांच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा, त्यांच्या भावानं बिल्डरला लिहून दिलेलं, बाकीच्यांचे वाटपाचे दावे. माजी बावीस गुंठे भातजमीन तेवडी स्वच्छ, कारन हे गेल्यापासनं म्या कुटंच सही केली न्हाई. फुलाबाईचा जीव बगून ही सही केली. जज्जसायबांनी इचारलं, "आरोपीला ओळखता?" म्हनलं, "माज्या हातानं न्हाऊ घातलाय." "जबाबदारी घेता?" "घेते." झालं.

तर पोहे खाऊन घरी आले, आन् पिंकीचा फोन. मार खाल्ल्यापासनं ती कासारसाईला आईकडं राहती, हिंजवडीत एका कंपनीच्या कॅन्टीनला कामाला जाती.

"आत्याबाई, तो रोज येतोय. स्टॉपवर उभा राहतोय. जाताना बी, येताना बी."

"त्याला तुज्याजवळ जायची बंदी हाय ना कोर्टाची?"

"हाय की. चौकीत अर्ज दिला. पोलीस आले की तो न्हाईसा हुतो, गेले की हजर. काल म्हनला, टाके उसवायला कितीसा येळ लागतोय. मी आजपासनं कामाला जात न्हाई. आतनं कडी लावून बसलीया. तुमीच जामीन हाय ना त्याला? मग आवरा की."

माजी मान खाली गेली. पोरगी खरं बोलली. तेवीस वर्साची पोर, तिचा काय गुन्हा म्हनून तिनं कडी लावून बसावं?

ऋषिकेशला बोलावला. आल्या आल्या पाया पडला, ती सवय चांगली हाय त्याला. इचारलं, "पिंकीच्या वाटंला जातोस?"

"थोरल्या आई, नवऱ्यानं बायकोला नुसतं बगायचं बी न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं पुण्याला गेले. ऋषिकेशचा वकील न्हवं, दुसरा गाठला. म्हनलं, "वकीलसायेब, पोरगं नीट वागंल म्हनून म्या कोर्टात शब्द दिला. ते वागंना. माजा शब्द मला माघारी पायजे."

वकील हसला. "आजी, तो तारखेला हजर राहील एवढीच हमी दिलीय तुम्ही. कसा वागेल याची नाही."

"तारखेला तर तो भांग पाडून जाईल. मग त्या हमीला काय चाटायचं?"

त्याचं हसू गेलं. म्हनला, "पण जामीनदाराला आपला जामीन काढून घेता येतो. अर्ज द्यायचा. कोर्ट त्याला बोलावून दुसरा जामीनदार आण म्हणतं. नाही मिळाला तर तो आत."

"हा टीव्हीतला नवा कायदा का?"

"नाही हो. इंग्रजांच्या काळापासून आहे. कुणी विचारतच नाही."

माजं टाळकंच सरकलं. तिकडं दिल्लीत येवडी मान्सं घसा फोडत्यात, आन् हितं सही घेताना मला कुनी येवडं बी सांगू नये? म्हनलं, काडा अर्ज.

अर्जाचं कळल्यावर हैबतराव घरी आले. "वयनी, घरच्या पोराला आत घालता?"

"भावजी, तुमीच म्हनला, असल्यांना सोडूच नये."

"ते मी देशाचं म्हनलो हुतो."

तारखेला सगळी भावकी कोर्टात. जज्जसायबांनी कारन इचारलं. म्या म्हनलं, "सायेब, म्या ह्याला सोडवला आन् तिकडं पोरगी कोंडून पडली. मला झोप लागत न्हाई." सायबांनी लिहून घेतलं. ऋषिकेशला दुपारपत्तुर मुदत दिली, दुसरा जामीन आना म्हनले. त्यानं भावकीकडं बगितलं. भावकीतल्या सात जनांना येकदमच फोन आले. चार वाजता त्याला पोलिसांच्या गाडीत बसवला.

सोमवारी पिंकी कामाला गेली. स्टॉपवरनं मला फोन केला, नुसता बसचा आवाज ऐकवला. मी हिकडं चुलीम्होरं बसून रडले.

फुलाबाईनं मातर आठ दिवस दारात उभं राहून मला शिव्या घातल्या. माज्या पोराच्या जिवावर उठली, हिचं भात करपून जाऊ दे. समदी आळी ऐकत हुती. म्या उलटून बोलले न्हाई. आईच ती.

नवव्या दिवशी दिवेलागनीला ती मागल्या दारानं आली. चुलीपाशी बसली.

"अक्का, आज ना उद्या मी परत येईन तुमच्याकडं सही मागायला," ती म्हनली. "लई रडंन, आळीतलं समदं त्याच्या कानावर जातंय. पन देऊ नका."

म्या चुलीतलं लाकूड मागं वडलं.

"मागल्या येळंला त्यानंच पाठवली हुती. तुरुंगात भेटायला गेले तवा म्हनला, थोरलीम्होरं रड, तिला पाझर फुटतो. न्हाई आनलीस सही, तर सुटल्यावर बगतो तुज्याकडं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी रडत हुते ना अक्का, तवा मनात म्हनत हुते, आता ही न्हाई म्हनू दे."

म्या तिला पानी दिलं. तिनं घटाघटा पिलं, तांब्या जाग्यावर ठिवला आन् मागल्याच दारानं गेली. मग स्वताच्या दारात उभी राहिली, आन् आळीला ऐकू जाईल अशी मला शिव्या द्यायला लागली.